सुटे भाग, अक्षय भाता आणि सीतेचा आक्षेप

शस्त्राच्या धर्माधर्माची चर्चा परंपरेने दोन व्यक्तींभोवती फिरत आली आहे: युद्धाचा निर्णय घेणारा राजा आणि प्रत्यक्ष शस्त्र चालवणारा योद्धा. या दोघांच्या मधला प्रदेश आज अफाट वाढला आहे. शस्त्राचे भाग घडवणारे कारखाने, ते साठवणारी कोठारे, झिजलेला भाग काढून नवा बसवणारे तंत्रज्ञ आणि या सर्वांना पैसा व परवाने पुरवणारे शासन एवढे सगळे त्यात येते, आणि तरीही त्याचा नैतिक विचार फार थोडा झाला आहे. हल्ल्यासाठी बनवलेले लष्करी हेलिकॉप्टर हे या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, कारण हे यंत्र एकदा विकत घेतले की कायमचे हाती आले, असे होत नाही. उड्डाणाचे ठरावीक तास भरले की त्याची पाती, बेअरिंग आणि इंजिनातले फिरते भाग बदलावे लागतात, गिअरबॉक्स उतरवून त्याचे ओव्हरहॉल, म्हणजे संपूर्ण खोलून तपासणी आणि फेरजोडणी, करावी लागते, आणि सुट्या भागांचा पुरवठा तुटला की सर्वांत बलाढ्य यंत्रही लवकरच तळावर उभे राहते. अशा शस्त्राने होणाऱ्या हिंसेचा, किंवा रक्षणाचा, वाटा सुटा भाग देणाऱ्याकडे येतो काय, आणि येत असेल तर तो कोणत्या स्वरूपाचा असतो, हा येथे विचारात घेतलेला प्रश्न आहे.

हा प्रश्न रामटेकच्या अनुषंगाने मांडण्यास भौगोलिक कारण आहे, तसे वैचारिकही आहे. रामटेकपासून सुमारे 50 किलोमीटरवर नागपूर आहे, आणि भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे विमाने, हेलिकॉप्टरे व इतर सामग्री यांची दुरुस्ती, ओव्हरहॉल आणि साठवण सांभाळणाऱ्या विभागाचे, मुख्यालय तेथेच आहे. देशभरचे दुरुस्ती डेपो आणि सामग्रीची कोठारे या कमांडच्या अखत्यारीत चालतात. रशियन बनावटीच्या हेलिकॉप्टरांचे ओव्हरहॉल करणारा चंदीगडचा डेपोही त्यांपैकीच एक. नागपूरजवळचा अंबाझरीचा आयुध कारखाना, भंडारा आणि चंद्रपूर येथील कारखाने यांमुळे पूर्व विदर्भातील हजारो घरांची चूल शस्त्रनिर्मितीच्या वेतनावर पेटते. दुसरे कारण रामटेकच्या डोंगराशी निगडित आहे. या एका परिसरात तीन परंपरा शेजारी नांदतात: गडमंदिराची रामकथा, पायथ्याचे शांतिनाथाचे दिगंबर जैन क्षेत्र आणि जवळच्या एका टेकडीला चिकटलेले बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचे नाव. नागार्जुनाचे येथे वास्तव्य होते याचा निर्णायक ऐतिहासिक पुरावा नाही; परंतु ही स्मृती जिवंत आहे, आणि शेजारच्या मनसर येथील उत्खनन 1990 च्या दशकाच्या अखेरीस हाती घेणाऱ्या संस्थेनेही बोधिसत्त्व नागार्जुनाचेच नाव धारण केले होते. या तिन्ही परंपरांनी, आपापल्या परिभाषेत, सुट्या भागाच्या प्रश्नाला लागू पडेल असे काही महत्त्वाचे सांगून ठेवले आहे.

प्रथम यंत्राकडे पाहणे आवश्यक आहे, कारण तत्त्वचर्चेत यंत्र लवकर अदृश्य होते. हेलिकॉप्टरच्या माथ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या संचाला रोटर म्हणतात. वैमानिकाने दांडा हलवला की तो आदेश स्थिर भागाकडून फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारी जी तबकडी असते तिला स्वॉशप्लेट म्हणतात. 5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला, तेव्हा तपासात हीच तबकडी तडकलेली आढळली, आणि देशातील ध्रुव जातीची हेलिकॉप्टरे काही महिने जमिनीवर उभी करावी लागली. ‘प्रचंड’ हे भारतीय लढाऊ हेलिकॉप्टर ध्रुवच्याच तांत्रिक घराण्यातले आहे. ते 3 ऑक्टोबर 2022 रोजी जोधपूर येथे हवाई दलात दाखल झाले आणि मार्च 2025 मध्ये अशा 156 यंत्रांचा करार झाला. अमेरिकी बनावटीच्या अपाचेची कथाही याहून निराळी नाही. पात्यांना रोटरच्या मध्यभागाशी धरून ठेवणाऱ्या एका नटाला समुद्रकाठच्या दमट हवेत गंज चढतो असे लक्षात आल्यावर 2018 मध्ये अमेरिकी लष्कराने नव्या अपाचेंचा स्वीकार काही काळ थांबवला होता. एक नट संपूर्ण शस्त्राला थांबवू शकतो, आणि तोच नट नीट बसला की ते शस्त्र आपले काम करू लागते.

या वस्तुस्थितीतून पहिला तात्त्विक प्रश्न निघतो तो यंत्राच्या एकत्वाचा. दहा-पंधरा वर्षांत ज्याची पाती, इंजिने, गिअरबॉक्स, दृष्टियंत्रे आणि तारांचे जाळे क्रमाक्रमाने बदलले गेले ते हेलिकॉप्टर तेच राहते काय? भारतीय दर्शनांत हा प्रश्न नवा नाही. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या प्रसिद्ध संवादात रथाचे चाक, आस, जू अशा एकेका अवयवाकडे बोट दाखवून हा रथ आहे काय असे विचारले जाते, आणि ‘रथ’ हे या अवयवांच्या आधारे चालणारे केवळ व्यावहारिक नाव ठरते. नागार्जुनाच्या माध्यमिक परंपरेतील सातव्या शतकातला आचार्य चंद्रकीर्ती हे विश्लेषण सात अंगांनी पुढे नेतो: रथ अवयवांशी एकरूप नाही, त्यांहून वेगळा नाही, अवयवांचा मालक नाही, अवयवांत राहत नाही, अवयव त्याच्यात राहत नाहीत, तो अवयवांची नुसती बेरीज नाही आणि त्यांचा आकारही नाही. न्याय-वैशेषिकांचे उत्तर याच्या अगदी विरुद्ध आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांपासून झालेला पूर्ण पदार्थ, हा खरोखर वेगळा असतो आणि तो समवाय नावाच्या अतूट संबंधाने अवयवांत राहतो. या मताची एक कठोर निष्पत्ती आहे: वस्त्रातला एक धागा काढला तरी पहिले वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे वस्त्र, ज्याला ते खंडपट म्हणतात, उत्पन्न होते. जैन दर्शन या दोन्ही टोकांना नकार देते. द्रव्य टिकते आणि त्याचे पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात, तेव्हा उत्पत्ती, नाश आणि स्थिरता ही तिन्ही एकाच वेळी खरी असतात, असे त्याचे म्हणणे आहे.

डेपोतील व्यवहार पाहिला तर ही तिन्ही मते तेथे एकत्र वावरताना दिसतात. यंत्राचा क्रमांक कायम राहतो, प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा क्रमांक आणि त्याच्या वापराच्या तासांची नोंद स्वतंत्र ठेवली जाते, आणि एका यंत्रातून उतरवलेला गिअरबॉक्स ओव्हरहॉलनंतर दुसऱ्याच यंत्रावर चढतो. सुटा भाग मिळत नाही तेव्हा उभ्या यंत्रातला भाग काढून उडणाऱ्या यंत्राला लावण्याची रीत जगातल्या सर्वच हवाई दलांत आहे. अशा ठिकाणी एकत्व हे कागदोपत्री नोंदीत राहते, धातूत राहत नाही, आणि नागसेनाला हे ऐकून फारसे आश्चर्य वाटले नसते.

मात्र या विश्लेषणाचा एक घातक उपयोग करता येतो आणि तो जाणूनबुजून टाळला पाहिजे. शस्त्र कोणत्याच एका भागात नाही, तर कोणताच भाग घडवणारा शस्त्र घडवत नाही, अशी पळवाट त्यातून सहज निघते. नट करणारा म्हणेल, आपण केवळ नट केला. कोठारातला कर्मचारी म्हणेल, आपण केवळ तो दिला. आणि अशा हजार जणांनी आपापला वाटा शून्य ठरवला की संपूर्ण कर्म कर्त्याविना झाले असे दिसू लागते. बौद्ध परंपरेने ही पळवाट स्वतःच बंद केली आहे. ‘अभिधर्मकोश’ या ग्रंथात वसुबंधू हा आचार्य सैन्याचा प्रश्न स्पष्टपणे उपस्थित करतो: अनेक जण एकत्र चालून जातात आणि त्यांतला एकच कोणी प्राण घेतो, तेव्हा प्राणघाताचे कर्म कोणाचे? सर्वांचे ध्येय एक असल्याने ते सर्वांचेच, असे त्याचे उत्तर आहे. बळजबरीने सैन्यात आणलेला माणूसही त्यातून सुटत नाही, अपवाद फक्त त्याचा, ज्याने स्वतःच्या जिवासाठीसुद्धा कोणाला मारणार नाही असा निश्चय मनाशी केलेला आहे. वसुबंधूचा काळ स्थूलमानाने वाकाटकांच्या काळाशी जुळतो, आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, रामटेकहून दिसण्याइतकी जवळ आहे. रथाचे पृथक्करण करणाऱ्या परंपरेतच कर्माच्या विभागणीला इतका ठाम नकार मिळावा, ही गोष्ट शून्यतेचा सोयीस्कर अर्थ काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. बौद्ध उपासकाला निषिद्ध ठरवलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला येतो, हेही त्याच विचाराशी सुसंगत आहे.

जैन आचारशास्त्र या बाबतीत आणखी बारकाईने बोलते, आणि या निबंधाच्या प्रश्नाला सर्वांत नेमके उत्तर तेथेच मिळते. कर्माचा आत्म्याकडे होणारा प्रवाह म्हणजे आस्रव. ‘तत्त्वार्थसूत्र’ या ग्रंथात आस्रवाच्या आधारांचे दोन वर्ग केले आहेत, सजीव आणि निर्जीव. सजीव आधारात एखादे कृत्य स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि त्याला अनुमोदन देणे हे तीन प्रकार मन, वाणी आणि शरीर यांच्याशी, संकल्पापासून कृतीपर्यंतच्या तीन पायऱ्यांशी आणि चार कषायांशी, म्हणजे क्रोध, मान, माया व लोभ या विकारांशी गुणले जातात, आणि त्यातून 108 भेद होतात. निर्जीव आधारात निर्वर्तना म्हणजे घडवणे, निक्षेप म्हणजे ठेवणे, संयोग म्हणजे जोडणे आणि निसर्ग म्हणजे प्रवृत्त करणे किंवा सोडणे हे चार प्रकार येतात. या चार शब्दांत आधुनिक शस्त्राच्या पुरवठ्याची संपूर्ण साखळी येऊन जाते: कारखाना, कोठार, जोडणीचा कक्ष आणि वैमानिकाची कळ. प्राचीन आचार्यांच्या नजरेसमोर हेलिकॉप्टर नव्हते हे उघड आहे, परंतु साधनाच्या प्रत्येक टप्प्यावर जबाबदारी नव्याने चिकटते हे तत्त्व त्यांनी पूर्णपणे ओळखले होते.

गृहस्थांच्या व्रतांत अनर्थदंडविरती नावाचे एक व्रत आहे. निष्प्रयोजन पापापासून दूर राहणे हा त्याचा आशय. त्या पापाच्या प्रकारांत दिगंबर आचार्यांनी हिंसादान हा स्वतंत्र प्रकार मानला आहे. हिंसेची साधने, मग ती तलवार असो, कुऱ्हाड असो वा विस्तव, दुसऱ्याच्या हाती देणे हे हिंसादान होय. देणाऱ्याने घाव घातलेला नसतो, तरीही देणे हे कर्म ठरते. त्याच वेळी जैन परंपरेने गृहस्थाला विरोधी हिंसेची, म्हणजे आक्रमकापासून स्वतःचे वा आश्रितांचे रक्षण करताना घडणाऱ्या हिंसेची, मर्यादित सवलत दिली आहे, आणि श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय हा सेनापतीच होता. रामटेकचे अधिष्ठाते शांतिनाथ हे सोळावे तीर्थंकर आहेतच, शिवाय जैन पुराणांनुसार ते दीक्षेपूर्वी चक्रवर्तीही होते. चक्रवर्तीच्या आयुधशाळेत चक्ररत्न प्रकट होते आणि त्या बळावर तो पृथ्वी जिंकतो. शांतिनाथांनी ते चक्र मिळवले, वापरले आणि सोडले. ज्याने शस्त्र कधी पाहिलेच नाही अशा माणसाची अहिंसा आणि आयुधशाळेचा मालक असून ती मागे टाकणाऱ्याची अहिंसा यांत फरक आहे, आणि दुसरीचा अधिकार मोठा आहे, असे येथे नमूद करणे वावगे ठरू नये. अलीकडच्या काळात आचार्य विद्यासागर यांनी या क्षेत्री अनेक चातुर्मास केले. हातमागाचा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. कोणता उद्योग हाताला शोभतो हा प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारत ठेवला.

आता रामकथेकडे वळता येते, आणि येथे थोडे अधिक थांबणे भाग आहे. स्थानिक परंपरा सांगते की अगस्त्य ऋषींचा आश्रम रामटेकच्या डोंगरावर होता आणि राक्षसांचा संहार करण्याची प्रतिज्ञा रामाने येथेच केली. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात प्रतिज्ञेचा प्रसंग अगस्त्याच्या भेटीपूर्वी येतो: दंडकारण्यातील ऋषी आपल्या मारल्या गेलेल्या सोबत्यांचे देह दाखवतात आणि राम त्यांना अभय देतो. या प्रतिज्ञेचे कीर्तन पुष्कळ होते. तिला सीतेने घेतलेला आक्षेप मात्र फारसा सांगितला जात नाही. ज्यांच्याशी आपले वैर नाही त्यांच्यावर शस्त्र उगारणे हे कामनेतून जन्मणाऱ्या दोषांपैकी एक आहे, असे सीता रामाला स्पष्ट सांगते, आणि आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ एका तपस्व्याची कथा सांगते. एका सत्यनिष्ठ तपस्व्याकडे इंद्र योद्ध्याच्या वेषाने येतो आणि आपली तलवार न्यास म्हणून, म्हणजे विश्वासाने सांभाळण्यासाठी, ठेवून जातो. ठेव हरवू नये म्हणून तो तपस्वी ती सदैव जवळ बाळगतो. फळेमुळे आणायला गेला तरी ती त्याच्या हाती असते. हळूहळू त्याचे मन तपापासून ढळते, क्रूरतेत रमते आणि शेवटी तो अधोगतीला जातो.

या कथेचे वैशिष्ट्य असे की त्या तपस्व्याचा आरंभीचा दोष शोधून सापडत नाही. त्याने तलवार मागितली नव्हती, तो लोभी नव्हता, आणि प्रारंभी त्याने तिने कोणाला इजाही केली नाही. त्याने केले ते एवढेच की सोपवलेली वस्तू निष्ठेने सांभाळली. कर्तव्यदक्ष देखभाल हेच त्याच्या पतनाचे दार ठरले. शस्त्राच्या सान्निध्याने मन बदलते, एवढाच या कथेचा अर्थ बहुधा सांगितला जातो. परंतु ज्या समाजात लाखो सज्जन माणसे शस्त्र चालवत नाहीत आणि केवळ सांभाळतात, त्या समाजाला ही कथा अधिक तीव्रतेने लागू होते. सांभाळणाऱ्याची निष्ठा ही स्वतः एक सद्गुण असली तरी ती ज्या वस्तूला वाहिलेली असते त्या वस्तूच्या हेतूपासून तिला वेगळे काढता येत नाही.

रामाचे उत्तरही तितकेच गंभीर आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. सीतेने हे प्रेमापोटी सांगितले याबद्दल तो समाधान व्यक्त करतो. मग तो म्हणतो की क्षत्रिय धनुष्य धारण करतात ते आर्ताचा आक्रोश उठू नये यासाठी. पीडित ऋषी स्वतः शरण आले, त्यांना आपण वचन दिले, आणि ते वचन प्राणापेक्षाही मोठे आहे. या उत्तरात रक्षणाचा आधार तीन गोष्टींवर उभा आहे: पीडित कोण हे माहीत आहे, त्याने स्वतः येऊन मागणी केली आहे, आणि शस्त्र उचलणारा आपले नाव वचनाला बांधून घेतो आहे. सीमेवरील सैनिकाचे आणि त्याच्या यंत्राला चोख भाग पुरवणाऱ्या तंत्रज्ञाचे समर्थन याच आधारावर होते, आणि ते समर्थन पुरेसे आहे. किंबहुना त्या तंत्रज्ञावर आणखी एक ऋण आहे. तडकलेली तबकडी बसवली गेली तर पहिला बळी आपल्याच वैमानिकाचा जातो, म्हणून भागाची सचोटी हा त्याच्या धर्माचा गाभा आहे आणि तपासणीच्या कागदावरची खोटी सही ही हत्येच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत केलेला भेदही येथे उपयोगी पडतो. अहिंसेला आंधळा नियम न मानता विवेकाचे तत्त्व मानण्याची ती भूमिका आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, विजयादशमीला, नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. ज्या सुमारास घराघरांत आणि कारखान्यांत शस्त्रे व अवजारे पुजली जातात, त्याच दिवशी त्याच नगरात अशोकाच्या शस्त्रत्यागाचे स्मरण होते, आणि या दोन्ही गोष्टींना एकमेकींचे भान असणे हे विदर्भाच्या हिताचे आहे.

पुढे राम अगस्त्याच्या आश्रमात पोहोचतो, आणि तेथे अगस्त्य त्याला विश्वकर्म्याने घडवलेले वैष्णव धनुष्य, एक अमोघ बाण, तलवार आणि इंद्राने दिलेले दोन अक्षय भाते देतो. परंपरेचे म्हणणे मान्य केले तर रामटेक हे शस्त्रदानाचेही स्थान ठरते. यांतला अक्षय भाता विशेष विचार करण्याजोगा आहे. ज्या भात्यातले बाण कधी संपत नाहीत त्याला पुरवठादार लागत नाही. एकदा दिले की देणाऱ्याचे काम संपते, आणि त्यानंतर घेणाऱ्याच्या विवेकावर सर्व काही अवलंबून राहते. आधुनिक लढाऊ हेलिकॉप्टर हे याच्या उलट टोकाला आहे. त्याचा भाता पुन्हा पुन्हा रिता होतो आणि पुन्हा पुन्हा भरावा लागतो, म्हणून प्रत्येक सुट्या भागाबरोबर देणाऱ्याची संमती नव्याने मागितली जाते. जैन परिभाषेत बोलायचे तर येथे अनुमोदन एकदा होऊन थांबत नाही. दर ओव्हरहॉलला ते पुन्हा घडते. नैयायिकांचे खंडपटाचे मत वस्त्राविषयी टोकाचे वाटले तरी शस्त्राच्या नीतीविषयी ते अचूक आहे: बदललेल्या प्रत्येक भागानंतर जणू नवे शस्त्र उत्पन्न होते, आणि त्या नव्या शस्त्राचे उत्तरदायित्व त्या क्षणी देणाऱ्यावर येते.

पुरवठ्यातील ही सत्ता राष्ट्रे चांगली ओळखून आहेत. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा भारतीय नौदलाची ब्रिटिश बनावटीची सी किंग हेलिकॉप्टरे सुट्या भागांअभावी उभी राहिली, कारण त्यांतील काही घटक अमेरिकी होते. त्या वेळी भारताला भाग नाकारणे अन्यायाचे वाटले आणि ते स्वाभाविकही होते. परंतु भाग देणे ही तटस्थ गोष्ट नसते, हा धडा त्यातच होता. डिसेंबर 2015 पासून भारताने अफगाणिस्तानला एमआय-25 जातीची चार लढाऊ हेलिकॉप्टरे दिली आणि पुढे बेलारूसमधून घेतलेली चार एमआय-24 देऊ केली. ऑगस्ट 2021 मध्ये कुंदुझ तालिबानच्या हाती पडले, तेव्हा तेथल्या तळावर अशा एका हेलिकॉप्टरभोवती उभ्या असलेल्या तालिबानींची चित्रफीत जगभर फिरली. वृत्तांनुसार त्याची पाती आधीच काढून ठेवलेली होती. संयोगाने शस्त्र होते आणि वियोगाने ते लोखंड होते, हे जैन आचार्यांचे तत्त्व त्या तळावर कोणा अनाम तंत्रज्ञाने पाळले.

खरी अडचण मात्र तेथे सुरू होते जेथे भाग स्वदेशाच्या रक्षणासाठी नसून जगाच्या बाजारासाठी घडतो. 2018 पासून हैदराबाद येथील टाटा-बोइंग कारखान्यात अपाचेचे सांगाडे तयार होतात आणि ते भारताखेरीज इतर देशांच्या यंत्रांसाठीही जातात. हा उद्योग कुशल आहे, प्रामाणिक आहे आणि त्यावर अनेक कुटुंबे जगतात. तरीही रामाच्या उत्तरातील तीन आधारांपैकी एकही येथे आपोआप लागू होत नाही: पीडित कोण हे घडवणाऱ्याला माहीत नसते, त्याच्याकडे कोणी शरण आलेले नसते, आणि त्या भागासाठी त्याने कोणाला वचन दिलेले नसते. अशा ठिकाणी रामाच्या उत्तराचा आधार घेणे हा रामकथेचा गैरवापर होईल. तेथे सीतेचा आक्षेप अनुत्तरित राहतो. हिंसेच्या मार्गाने अहिंसा साधण्याच्या युक्तिवादातील विसंगती ज्ञानेश्वरांनी गीतेच्या तेराव्या अध्यायावरील विवेचनात विस्ताराने उघड केली आहे, आणि रक्षणाच्या नावाने चालणाऱ्या निर्यातीची परीक्षा मराठी वाचकाने त्या विवेचनाच्या उजेडात करावी.

आंतरराष्ट्रीय कायदा या बाबतीत धर्मशास्त्रांच्या बराच मागून, पण त्याच दिशेने, चालतो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2 एप्रिल 2013 रोजी स्वीकारलेल्या शस्त्रव्यापार करारात लढाऊ हेलिकॉप्टर हा स्वतंत्र वर्ग आहे, आणि ज्यांपासून शस्त्र जोडता येईल अशा सुट्या भागांच्या निर्यातीलाही त्याची चौथी तरतूद लागू होते. 12 फेब्रुवारी 2024 रोजी हेग येथील अपील न्यायालयाने नेदरलँड्स सरकारला इस्राएलकडे जाणारे एफ-35 लढाऊ विमानांचे भाग थांबवण्याचा आदेश दिला. विमान दुसऱ्या देशाचे, वैमानिक दुसऱ्या देशाचा, आणि भाग ज्यातून निघाला ते कोठार तेवढे डच भूमीवरचे, एवढ्यावर न्यायालयाने जबाबदारी मानली. निवाड्याच्या राजकीय बाजूविषयी मतभेद असू शकतात. त्यामागचे तत्त्व मात्र हिंसादानाच्या व्याख्येपेक्षा निराळे नाही.

यावरून निष्कर्ष असा की सुट्या भागाचा पुरवठा हे पूर्ण अर्थाने नैतिक कर्म आहे, त्याचा वाटा भागाच्या आकाराने कमी होत नाही, आणि त्याचे समर्थन केवळ तेव्हाच उभे राहते जेव्हा देणाऱ्याला ते शस्त्र कोणासाठी आणि कोणाविरुद्ध आहे हे ठाऊक असते. हे जाणून घेण्याची साधने कारखान्यातील एकट्या कामगाराजवळ नसतात, म्हणून ती त्याला मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. नियंत्रित वस्तूंच्या निर्यातीसाठी भारतात परवान्याची आणि अंतिम वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राची पद्धत आहे. तिच्या जोडीला, कोणत्या देशाला लढाऊ हेलिकॉप्टरांचे कोणते भाग दिले याचा देशवार हिशेब दरवर्षी संसदेपुढे ठेवला जावा, आणि तो विदर्भातील आयुध कारखान्यांच्या कामगारांनाही त्यांच्या भाषेत उपलब्ध व्हावा. रामटेक येथे 1997 पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे; न्याय, बौद्ध आणि जैन दर्शनांचे जाणकार तेथे आहेत, आणि मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय तेथून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. या दोन ठिकाणच्या माणसांनी एकत्र बसून हिंसादानाची व्याख्या आजच्या कोठारांना आणि परवान्यांना लावून पाहावी. 2013 च्या करारावरील मतदानात भारत तटस्थ राहिला होता, आणि आजही तो त्या करारात सामील नाही.